डेक उतरला, गाव जमलं

कोकणात गवत वाढवायची पद्धत नव्हती. ते न बोलावता यायचं आणि घालवलं तरी जायचं नाही, एवढाच आमचा त्याच्याशी संबंध. दिवेआगरला वाडी म्हणजे नारळ, पोफळ, मधून केळी, पोफळीवर चढवलेला मिरीचा वेल, आणि या सगळ्यांच्या खाली भर दुपारीही दिवेलागणीची सावली. त्या सावलीतसुद्धा जे चिवट गवत डोकं वर काढी, त्याची बेणणी होई. बायका विळे घेऊन रांगेनं बसत आणि रांग पुढे सरके तसतशी गावातली लग्नं, भांडणं आणि वाटण्या निकालात निघत. उरलंसुरलं गुरं बघून घेत. गवत कापायचं एक यंत्र असतं, त्याला चार चाकं, सीट आणि स्टिअरिंग असतं आणि त्यावर माणूस बसतो, असं तेव्हा कुणी येऊन सांगितलं असतं तर आम्ही त्याला गूळपाणी दिलं असतं, त्याचं सगळं ऐकून घेतलं असतं आणि तो एसटीत बसल्यावर मग हसलो असतो.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या आसपास किनाऱ्याला लागलं आणि काही तासांत ती सावली संपली. आजोबांच्या हातचे माड आणि पोफळी एकाच दिशेला डोकी करून आडव्या झाल्या. नवी पोफळ लावली तर सुपारी धरायला पाच-सात वर्षं थांबायचं. श्रीवर्धनची रोठा सुपारी नावाजलेली आहे, श्रीवर्धनला सुपारीचं संशोधन केंद्रही आहे, पण पोफळीला घाई करायला लावील असं संशोधन अजून निघालेलं नाही. माझ्या चुलतभावानं (त्याला सगळं गाव दादा म्हणतं, म्हणून मीही म्हणतो) अर्ध्या वाडीत रोपं लावली. उरलेल्या अर्ध्या वाडीत, निदान माझ्या आठवणीत पहिल्यांदाच, ऊन पडलं. उन्हामागोमाग गवत आलं आणि गवतामागोमाग पुण्याचे पाहुणे. त्यांतल्या एकानं सतरंजी पसरली, पाय लांब केले आणि म्हणाला, "काय सुंदर लॉन ठेवलंय हो तुम्ही!" आमच्या घराण्याच्या आळसाला इतकं चांगलं नाव तोवर कुणी दिलेलं नव्हतं.

दादानं ते मनावर घेतलं. आधी खोल्या झाल्या, मग 'समुद्राजवळ लग्न' अशी पाटी लागली. आपसूक उगवलेलं गवत लग्नाच्या पंक्तीला शोभेना, तेव्हा नर्सरीतून लॉनच्या गाद्या टेम्पो भरून आल्या. पहिली गुंडाळी उलगडल्यावर वहिनी खाली वाकली, एक काडी उपटून दाताखाली धरली आणि म्हणाली, "अहो, ही तर हरळी." नर्सरीवाल्यानं तिला समजावलं की ही 'सिलेक्शन वन' आहे. दोघांचंही खरं होतं. हरळी, दूर्वा आणि परदेशी मैदानांवर अंथरतात ती बर्म्युडा, ही सगळी एकाच सायनोडॉन डॅक्टिलॉनची लेकरं. पिढ्यानपिढ्या उपटून गडग्यापलीकडे फेकलेली वस्तू आम्ही चौरस फुटाच्या दरानं विकत घेतली. सुवर्णगणेशाच्या गावात दूर्वा टेम्पोनं आणल्या, यावर वहिनी दादाशी बरेच दिवस धड बोलली नाही.

आता ही हरळी कापायची कशी? पहिल्यांदा खांद्याला अडकवायचा ग्रासकटर आणला. पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल मिसळायचं, दोरी ओढायची आणि डावीउजवीकडे झुलत चालायचं. पण एवढं मोठं लॉन त्यानं कापून झालं की चालवणाऱ्या गड्याला चहाचा कप बशीत ठेवता येईना, कप बशीवर नुसता वाजत राही. शिवाय गवत ठिकठिकाणी टक्कल पडल्यागत. मग दादानं कुठल्याशा बंद पडलेल्या कारखान्याच्या बंगल्यावरचं, मूळचं अमेरिकन, बसून चालवायचं जुनं यंत्र लिलावातून उचललं. ते ताम्हिणी उतरून माणगाव, म्हसळा, बोर्ली पंचतन करत टेम्पोतून आलं. दादानं ते वाजतगाजत उतरवून घेतलं, हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं आणि वाडीतून एक फेरी मारली. रस्त्यावरून समुद्राकडे निघालेलं एक कुटुंब फाटकाशी थांबलं. वडिलांनी विचारलं, "काका, एक राउंड कितीला?" किनाऱ्यावर चार चाकांच्या वाळूगाड्या फिरवतात, त्यांतलीच ही एक असा त्यांचा समज झाला होता. दादानं पैसे घेतले नाहीत, एवढं त्याच्या बाजूनं सांगायला हवं. पोराला मात्र मांडीवर घेऊन फिरवायचं म्हणत होता, ते वहिनीनं फाटकातूनच हाणून पाडलं.

या सगळ्याचं मूळ एका इंग्रज माणसाकडे जातं. एडविन बडिंग त्याचं नाव. इंग्लंडातल्या स्ट्राउड गावाजवळ लोकरी कापडाच्या गिरण्या होत्या. तिथे कापडावरची लव एकसारखी छाटायला फिरत्या पात्यांचं यंत्र असे. ते बघून या गृहस्थाच्या डोक्यात आलं की कापडाची लव निघते तर जमिनीची का निघू नये? १८३० साली त्यानं पेटंट घेतलं. त्याआधी साहेबाच्या देशातही गवत विळ्यानं नि मेंढ्यांच्या तोंडानंच कापलं जात होतं. म्हणजे आमचे आजोबा आणि त्यांचे सरदार याबाबतीत एकाच इयत्तेत. पण बडिंगबद्दल मला खरा आदर वाटतो तो वेगळ्याच गोष्टीसाठी. लहानमोठा करता येणारा स्क्रूपाना बनवणाऱ्यांतही त्याचं नाव घेतात. गवत कापायचं यंत्र काढणाऱ्या माणसाला पाना लागणारच, हे त्याला कुणी सांगावं लागलं नाही.

बडिंगच्या यंत्राचं पातं लाटण्यासारखं गोल गोल लोळायचं. दादाच्या यंत्रात तसं नसतं. पोटाखाली पत्र्याची एक मोठी उपडी परात टांगलेली असते, तिला डेक म्हणतात. परातीच्या पाठीवर पुल्या आणि पट्टा, आणि पोटात आडवी फिरणारी पाती. दादाचा डेक ४२ इंची, त्यात दोन पाती, प्रत्येक पातं आपापल्या स्पिंडलवर. इंजिनाचा पट्टा पुल्या फिरवतो, पुल्या स्पिंडल फिरवतात आणि पात्याचं टोक ताशी तीनशे किलोमीटरच्या आसपास पळतं. पात्याच्या शेंड्यांना वर वळवलेले कान असतात. त्या कानांनी हवा वर खेचली जाते, वाऱ्यानं गवत उभं राहतं, कापलं जातं आणि बाजूच्या तोंडातून फेकलं जातं. म्हणजे डेक हा निम्मा विळा आणि निम्मा पंखा. कागदावर हे सगळं छान आहे. दिवेआगरात त्याच्या जोडीला खारा वारा, चार महिन्यांचा मुसळधार पाऊस, गवतात लपलेल्या सुपाऱ्या, नारळाची सोडणं आणि मागच्या लग्नाचं सामान असतं.

दसऱ्यानंतर पहिल्यांदा यंत्र बाहेर काढलं. तुळशीच्या लग्नानंतरचा पहिलाच मुहूर्त बुक होता. दादा ऐटीत बसला, चावी फिरवली, पात्यांची कळ ओढली आणि डेकमधून असा आवाज आला की आंब्यावरचे कावळे उठले. यंत्र थरथरलं, जळक्या रबराचा वास आला, आणि दादा पुढे जाईल तसा मागे लॉनच्या मधोमध गवताचा एक उभा पट्टा तसाच शिल्लक राहू लागला. चारी बाजूंनी छाटलेलं आणि मधे शेंडी. दादा तरीही टोकापर्यंत जाऊन वळला. त्याचं म्हणणं, सुरुवात केलेली ओळ पुरी करावी.

त्यानंतर जे झालं त्यासाठी दिवेआगर समजून घ्यावं लागतं. १७ नोव्हेंबर १९९७ ला इथल्या एका सुपारीच्या वाडीत खड्डा खणताना तांब्याची पेटी लागली आणि तिच्यात सोन्याचा गणेशाचा मुखवटा निघाला. तेव्हापासून या गावात कुणी जमिनीकडे तोंड करून ओणवा दिसला की येणारा-जाणारा थांबतो. कुणी पाइप जोडत असो, कुणाची चप्पल तुटलेली असो, लोक दोन मिनिटं बघतात आणि मग पुढे जातात. दादा तर यंत्राखाली अर्धा शिरलेला होता. तासाभरात अंगणात लोक जमले. ज्यांना यंत्रातलं कळत होतं ते मत देत होते आणि ज्यांना कळत नव्हतं ते खात्रीनं देत होते.

पहिलं निदान झालं ते इंजिनाचं. कोकणात कुठल्याही यंत्राला काही झालं की आधी 'पेट्रोलात पाणी आहे' असं म्हणायचं असतं. मग कार्बोरेटर. मग प्लग. प्लग काढून, तारेच्या ब्रशनं घासून, फुंकर मारून परत बसवला. एका निवृत्त मास्तरांनी हे यंत्र आपल्या हवेला मानवत नाही असा निर्वाळा दिला. एकानं विचारलं, "मॅन्युअल कुठाय?" मॅन्युअल होतं, पण माळ्यावर ठेवलं होतं आणि वाळवीनं त्याचा फक्त फ्रेंच भाग शिल्लक ठेवला होता. दिवेआगरचा शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा मराठी ताम्रपट आजही वाचता येतो. कंपन्यांनी मॅन्युअल तांब्यावर काढावीत, अशी माझी सूचना आहे.

मुद्दा असा की आवाज डेकमधून येत होता आणि सगळे इंजिन उघडून बसले होते. हे फक्त यंत्राच्याच बाबतीत होतं असं नाही, पण तो विषय निघाला तर भाऊबंदकीपर्यंत जाईल.

आवाज नेमका कुठून येतो ते ऐकायचं तर यंत्र चालू हवं. आणि यंत्र चालू ठेवायचं तर सीटवर माणूस हवा. सीटखाली एक स्विच असतो. वजन उठलं की इंजिन बंद. खाली उतरलेल्या माणसाच्या बोटांची कंपनीनं घेतलेली ती काळजी. पण अंगणातल्या मंडळींना ती काळजी अपमानकारक वाटली. एका पोराला बसवलं, त्याचं वजन पुरेना. तेव्हा कुणाला तरी कल्पना सुचली आणि सोललेल्या सुपारीचं पोतं सीटवर आणून ठेवलं. यंत्र सुरू झालं, पाती फिरू लागली आणि दादा एक कान जमिनीला लावून आडवा झाला. एवढ्यात यंत्र बंद पडलं. वहिनी चावी हातात घेऊन उभी होती.

"उठा," ती म्हणाली.

"अगं, आवाज ऐकतोय नुसता."

"मीही ऐकत्येय. माडीवर ऐकू येतोय. त्यासाठी मान कापून घ्यायला नको."

त्या दिवसापासून यंत्राची चावी वहिनीच्या कमरेच्या केळात असते. मागितली की ती आधी कारण विचारते आणि प्लगची वायर स्वतः उपटून घेऊन मगच पाती बघू देते. पात्यांखाली हात घालायच्या आधी प्लगची वायर काढायची, हा या कामातला पहिला नियम आहे. आमच्या घरात तो वहिनीच्या नावावर नोंदला गेलाय.

आता डेक बाहेर काढायचा. एवढं जड यंत्र वर कसं उचलायचं यावर परिसंवाद झाला. विहिरीतला पंप काढायची चेन-पुली आणायची, ती फणसाच्या फांदीला टांगायची आणि यंत्र अंतराळी धरून खालून डेक सोडवायचा असं ठरलं. पुली आली, सुंभ आला, फांदी पेलेल की नाही म्हणून एक जण वर चढून उड्याही मारून आला. तेवढ्यात न्यू जर्सीतल्या पुतण्याचा व्हिडिओ कॉल लागला. एडिसनजवळ त्याचं घर. तिकडे दारापुढचं गवत ठरलेल्या उंचीच्या वर गेलं की गावठाणाकडून नोटीस येते, त्यामुळे हा मुलगा दर शनिवारी आमच्या खानदानात कुणी कापलं नाही इतकं गवत कापतो. आमची सकाळ म्हणजे त्याची रात्र. जांभई देत त्यानं फणसाकडे बघितलं, फांदीकडे, सुंभाकडे बघितलं.

"काका, हे काय चाललंय?"

"डेक उतरवतोय."

"काका, डेक खाली टेकवा. पट्टा पुलीवरून काढा. बाजूच्या पिना ओढा. डेक बाजूनं सरकून बाहेर येतो."

अंगणात थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग मघाशी वजनात कमी पडलेल्या पोरानं चार पिना ओढल्या आणि डेक ओढून बाहेर काढला. फणसावर चढलेला माणूस बराच वेळ वरच बसून राहिला.

डेक उपडा केल्यावर पहिल्यांदा जे दिसलं ते गवताचं होतं आणि काळं होतं. पावसाळ्याच्या तोंडाशी ओलं गवत कापलं की ते परातीला आतून चिकटतं, थरावर थर बसतो, आतली हवा फिरायची थांबते, पंखा गुदमरतो. त्या थराखाली ओल धरून पत्रा सडतो. आमच्याकडच्या खाऱ्या हवेला एवढं निमित्त पुरे. दादानं घरातलं उलथनं आणलं, ते वहिनीनं परत नेलं, मग वाडीतलं खुरपं आलं. खरवडताना एके ठिकाणी खुरपं आरपार गेलं आणि पलीकडचं आकाश दिसलं. पुतण्या म्हणाला, "काका, नवीन डेक मागवा." हे त्याच्या तिकडचं शहाणपण. तिकडे मजुरी महाग आणि पत्रा स्वस्त. आमच्याकडे नवीन डेक मागवायचा म्हणजे तो समुद्रातून येणार, आणि आम्हाला समुद्रातून पापलेट येण्यापलीकडचा अनुभव नाही. बोर्लीच्या वेल्डरनं तिथे पत्र्याचं ठिगळ मारलं, त्यावर रेड ऑक्साईड फासला. भोक बुजलं.

पण आवाज भोकाचा नव्हता. आणि इथून पुढे मला आमच्या गावाबद्दल जरा अभिमान वाटायला लागला. असं यंत्र तिथे जमलेल्यांपैकी कुणी उभ्या आयुष्यात उघडलेलं नव्हतं. पण भरडखोलचा एक जण होता, मासेमारीच्या होड्यांची इंजिनं बघतो. तो इतका वेळ नुसता विडी ओढत बसला होता. त्यानं पुढे होऊन डाव्या पात्याच्या मुळाशी बोट घातलं आणि तिथून काहीतरी ओढून काढायला सुरुवात केली. लाल-पिवळा नायलॉनचा धागा निघाला. मग जरीची पट्टी, मग लायटिंगच्या माळेची बारीक वायर, मग पुन्हा धागा. मे महिन्यातल्या लग्नाचा अख्खा मांडव तिथे गुंडाळून बसला होता.

"होडीच्या पंख्याला अशीच जाळ्याची दोरी बसते," तो म्हणाला. "दोरी सील कापते. सील गेलं की पाणी आत. पाणी आत गेलं की बेअरिंग बोंबलतंय. पंखा पाण्यात फिरतो नि हा गवतात, बाकी फरक काय?"

मग वाड्यांचे पंप दुरुस्त करणारे मेस्त्री पुढे आले. त्यांनी पातं हातानं सावकाश फिरवलं, डोळे मिटून ऐकलं. उजवं पातं मुकाट फिरलं. डावं खरखरलं. मग त्यांनी पात्याचं टोक धरून वरखाली हलवलं, ते डुगडुगलं. "गेलं," ते म्हणाले. पातं डुगडुगतं म्हणजे ते आपली कड गाठत नाही, म्हणून मधली शेंडी. स्पिंडल आखडतो म्हणून पट्टा घसरतो, म्हणून रबराचा वास. एका बेअरिंगमध्ये तिन्ही तक्रारी. सकाळपासून ज्यांनी अठरा निदानं केली होती, ती सगळी मंडळी आता 'मी तेच म्हणत होतो' या मुद्द्यावर एकत्र आली.

बोल्ट काढताना मेस्त्रींच्या पान्यांनी हात टेकले. १४ नंबरचा पाना चढेना, १५ नंबरचा गोल फिरे. कारण बोल्ट इंची मापाचा, ९/१६. मिलिमीटरमध्ये तो चौदा आणि पंधराच्या मधे कुठेतरी उभा असतो आणि दोघांनाही दाद देत नाही. शेवटी स्क्रूपाना आणला आणि बडिंग साहेबानं जवळजवळ दोनशे वर्षांनी दिवेआगरात येऊन आपलंच भांडण मिटवलं. पातं फिरू नये म्हणून मधे लाकडाचा ठोकळा अडकवला, मेस्त्रींनी पान्याला पाइप जोडला आणि बोल्टनं किंचाळत हार मानली.

बेअरिंग निघालं. त्याच्या कडेवर कोरलेला आकडा मेस्त्रींनी धोतराच्या सोग्यानं पुसून वाचला आणि त्यांचा चेहरा उजळला. "६२०३!" अमेरिकेत बनलेल्या यंत्राच्या पोटात त्यांच्या ओळखीचं माणूस निघालं होतं. १७ मिलिमीटरचं भोक, ४० बाहेरून, जाडी १२. हे बेअरिंग जगात कुठेही याच मापाचं असतं. वाडी शिंपायच्या मोटारीत असतं, कपडे धुवायच्या मशिनीत असतं. मेस्त्रींच्या थैलीत ते होतंच. बोल्ट इंचात, बेअरिंग मिलिमीटरमध्ये, अशी या यंत्राची घडण होती. इतकी मिश्र मापं मी फक्त आमच्या सातबाऱ्यावर पाहिली आहेत.

नवं बेअरिंग घरात सहज बसत नाही. मेस्त्रींनी ते वहिनीच्या फ्रीजरमध्ये ठेवायला सांगितलं. थंडीनं लोखंड केसभर आकसतं आणि घर जरा गरम केलं की बेअरिंग त्यात अलगद उतरतं. वहिनीनं फ्रीजरमधली कोलंबी बाजूला करून जागा करून दिली, पण बेअरिंगला आधी साबणानं धुवायला लावलं. मेस्त्री म्हणाले, "वहिनी, त्यातलं ग्रीस जाईल." यावर बरीच चर्चा होऊन दुहेरी प्लास्टिकच्या पिशवीवर तडजोड झाली.

तिकडे पाती लोहाराकडे गेली होती. आमच्या लोहाराला कोयत्याची धार ठाऊक. त्यानं पात्याला अशी धार लावली की दादानं मनगटावरचा केस कापून दाखवला. पण या पात्याला वस्तऱ्याची धार चालत नाही. तीनशेच्या वेगानं जाताना धार बोथट असली तरी गवत तुटतं. उलट फार पातळ धार पहिल्याच सुपारीवर दुमडते. पात्याला लागतो तो तोल. दोन्ही बाजू सारख्या वजनाच्या हव्यात. भिंतीत खिळा मारायचा, पात्याचं मधलं भोक त्यावर अडकवायचं. जी बाजू खाली झुकेल ती आणखी थोडी घासायची. आमचं पातं डावीकडे झुकलं. मग घासल्यावर उजवीकडे झुकलं. लोहार पुन्हा बसला. दादाला भीती होती की असं होता होता पात्याची सुई होईल.

पाती बसवली, डेक चढवला, वहिनीकडून चावी मिळाली, आणि दादानं लॉनवर एक लांबलचक फेरी मारली. आवाज गेला होता. थरथर गेली होती. गवत मात्र जसंच्या तसं होतं, फक्त आडवं झोपलेलं. पुतण्याला फोनवर दाखवलं. तो बघताक्षणी म्हणाला, "काका, पात्यांचे कान खाली केलेत. कान वर, डेककडे हवेत." दादानं ते लोहारावर ढकललं, लोहारानं मेस्त्रींवर, मेस्त्रींनी अमेरिकेवर. पाती पुन्हा उतरवली, उलटून लावली. आता गवत कापलं जाऊ लागलं, पण एका बाजूला जास्त, दुसऱ्या बाजूला कमी.

इथे गवंड्याचा प्रवेश होतो. दादाच्या अंगणाची फरशी त्यानंच घातलेली. त्यानं यंत्र फरशीवर उभं केलं, डेकवर पाणसळ ठेवली, एक डोळा मिटला आणि डेक डावीकडे झुकलाय असं जाहीर केलं. डेकच्या कड्या फिरवून त्यानं तो सरळ केला. दुसऱ्या दिवशी सकाळी डेक उजवीकडे झुकलेला. गवंडी म्हणे यंत्रात खोट, दादा म्हणे फरशीत उतार. हे प्रकरण मजुरीच्या जुन्या बाकीपर्यंत गेलं असतं. पण किनाऱ्यावर वाळूगाड्या चालवणारा एक पोरगा तिथे आला होता. त्यानं टायरांना लाथ मारून बघितली. एका टायरात हवा कमी होती, रात्रीत ती आणखी गेली होती. डेकची पातळी बघायच्या आधी चाकांतली हवा बघायची, ही गोष्ट त्या पोराला पाणसळीशिवाय कळली. हवा भरली, डेक पुन्हा जुळवला, गवंड्याच्या पाणसळीतला बुडबुडा बरोबर मध्यावर आला. सगळ्यांनी निःश्वास टाकला. तेव्हा पुतण्याचा संदेश आला की डेक आडवा सरळ हवा, पण पुढची बाजू मागच्यापेक्षा चार-पाच मिलिमीटर खाली हवी. म्हणजे गवत पुढे एकदाच कापलं जातं, मागे पुन्हा घासत नाही.

गवंड्यानं पाणसळ उचलून पिशवीत टाकली. "मुद्दाम वाकडंच बसवायचं होतं तर मला कशाला बोलावलंत?" असं म्हणून तो चहा न घेता गेला. ते वाकडं काम मेस्त्रींनी डोळ्यानं केलं.

तुळशीचं लग्न झालं आणि मुहूर्ताच्या आदल्या दिवशी दादानं लॉन कापलं. मला मान्य केलं पाहिजे, ते दिसायला सुंदर होतं. माड, मागे समुद्राचा आवाज आणि मधे एकसारखी हिरवी जमीन, कुठे शेंडी नाही, कुठे टक्कल नाही. मेस्त्री, लोहार, भरडखोलचा तो विडीवाला, सगळे आपापलं बेअरिंग, आपापली धार बघायला येऊन गेले. गवंडीसुद्धा फाटकाबाहेरून डोकावून गेला.

दुपारी डेकोरेटरचा टेम्पो आला. पोरांनी गुंडाळ्या उतरवल्या आणि लॉनवर एका टोकापासून पसरायला सुरुवात केली. हिरवं कार्पेट होतं. दादा कमरेवर हात ठेवून बघत राहिला.

"अहो, खाली लॉन आहे," तो म्हणाला.

"म्हणून तर टाकतोय," डेकोरेटर म्हणाला. "संध्याकाळी दव पडतं, बायकांच्या साड्या भिजतात. शिवाय फोटोत गवत पिवळट येतं, हे बरोबर हिरवं येतं."

समुद्रावरून वारा सुटला होता. कार्पेट उडू नये म्हणून पोरं कडेकडेनं हातोडीनं लांब खिळे ठोकत निघाली होती. दादा काही बोलायच्या आत वहिनी ओट्यावरून उतरली आणि थेट डेकोरेटरपुढे जाऊन उभी राहिली.

"किती खिळे मारलेत?"

"खिळे? मोजले नाहीत वहिनी."

"मग आता मोजा. उद्या तेवढे माझ्या हातात आले की टेम्पो फाटकाबाहेर जाईल."